विश्लेषण : पक्षी बांधाच्या आत, कायदा बांधाबाहेर... उरण-नवी मुंबईच्या पाणथळींचा तिढा काय?

जानेवारीतल्या रविवारी सकाळी नवी मुंबईत सीवूड्सच्या तलावांकाठी, भांडूपच्या उदंचन केंद्रामागे किंवा उरणच्या पाणजे गावाजवळच्या बांधावर १५-२० जणांचा घोळका हमखास दिसतो. गळ्यात दुर्बिणी, एखाद्याकडे ट्रायपॉडवर बसवलेला स्कोप, मातकट रंगाचे कपडे आणि सगळ्यांच्या नजरा एकाच दिशेला. लांबून पाहणाऱ्याला वाटते, ही हौशी मंडळी रोहित पक्ष्यांचे म्हणजे फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आली असावीत. फोटो काढले जातातच. पण या फेऱ्यांमध्ये पक्षी मोजलेही जातात. त्या आकड्यांवर पुढे सरकारी समित्यांत आणि न्यायालयांत वाद झडतात.

यंदाचा हिवाळा आणखी एका कारणाने वेगळा आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. म्हणजे सैबेरिया, मध्य आशिया आणि कच्छहून येणाऱ्या पाहुण्यांच्या आकाशात आता विमानेही आहेत. या पक्ष्यांना ठाणे खाडीत अभयारण्य आहे, त्याला आंतरराष्ट्रीय दर्जाही आहे. तरीही दरवर्षी त्यांच्या जागेवरून नवा वाद का उभा राहतो? त्यासाठी आधी भरती-ओहोटीचे गणित पाहावे लागते.

पक्षीनिरीक्षणाची वेळ पंचांग पाहून?

जंगलात पक्षी पाहायचे तर पहाटे जायचे, हा साधा नियम. खाडीकाठी तो पुरेसा नाही. तिथे घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक महत्त्वाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात. त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे यासाठी ॲप नव्हते, पण एक सूत्र होते. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. द्वादशीला नऊ वाजता भरती. पौर्णिमा-अमावास्येकडे जाता जाता हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, तो फरकही धरावा लागतो. तरीही तोंडी हिशेब म्हणून तो चोख आहे. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत इतके सुटसुटीत सूत्र मला क्वचितच भेटले.

आता फेरीचा हिशेब पाहा. पक्षी जवळून आणि एकत्र पाहायचे असतील तर भरतीच्या आधीचे दोन तास सोयीचे. ते सकाळच्या उन्हात यायला हवेत. म्हणजे दशमी ते त्रयोदशीच्या आसपासचा रविवार उत्तम. अष्टमीच्या रविवारी तुम्ही आठ वाजता पोहोचलात, तर पाणी उतरू लागलेले असते आणि पक्षी दूर खाडीत चिखलावर पसरलेले असतात. दुर्बिणीतून दिसतात ते ठिपके. ‘गेलो होतो, काही दिसलेच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा दिवस नव्हे, तर तिथी चुकलेली असते.

भरती आली की पक्षी जातात कुठे?

पाणथळींच्या सगळ्या वादाचे मूळ या एका प्रश्नात आहे.

ओहोटीला ठाणे खाडीत आणि उरणच्या किनाऱ्यावर मैलोन्मैल चिखलाचे सपाट पट्टे उघडे पडतात. हे पक्ष्यांचे ताट. चिखलात किडे, शंख-शिंपले, बारीक खेकडे, कोळंबीची पिल्ले असतात. पाणटिवळ्यासारखा लांब चोचीचा पक्षी ती खोल खुपसतो, चिखल्या वरवरचे टिपतो. लहान रोहित चोच उलटी धरून पाणी गाळतो आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ खातो. ठाणे खाडीत शहरांचे सांडपाणी येते, त्यामुळे हे शेवाळ भरपूर वाढते. म्हणूनच गेल्या तीसेक वर्षांत इथे रोहितांची गर्दी वाढली, असे अभ्यासक मानतात. प्रदूषणाने ओढून आणलेले सौंदर्य, असे याचे काहीसे अवघड वर्णन करता येईल.

पण हे ताट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. उधाणाच्या भरतीला तर पूर्णच. तेव्हा हजारो पक्षी उठतात आणि जवळच कुठेतरी उतरतात. त्यांना उथळ पाणी किंवा ओलसर मोकळी जमीन लागते. आजूबाजूला झाडी नको, कारण शिकारी पक्षी किंवा कुत्रा लांबून दिसायला हवा. जागा खाण्याच्या ठिकाणापासून जवळ हवी. तिथे ते काही तास उभे राहतात, पिसे साफ करतात, झोपतात, ओहोटीची वाट पाहतात. पक्षी-अभ्यासात अशा जागांना ‘हाय टाइड रूस्ट’ म्हणतात. आपण त्यांना भरतीचे विसावे म्हणू.

पाण्याच्या खोलीचा हिशेब फार काटेकोर असतो. छोटा टिलवा चिमणीएवढा, वजन २० ते ३० ग्रॅम. त्याला पाणी दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा खोल चालत नाही. शेकाट्याचे पाय लांब, तो वीतभर पाण्यात आरामात उभा राहतो. रोहित त्याहूनही खोल पाण्यात चालतो. म्हणजे एखाद्या तलावातले पाणी फूटभर वाढले, तरी तिथून निम्म्या जाती हद्दपार होतात. पाणी पूर्ण आटले तर उरलेल्याही जातात. पाणथळ नष्ट करायला दरवेळी डंपर लागत नाहीत, पाण्याची एक झडप पुरते. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

विसाव्याला इतके महत्त्व का, असा प्रश्न पडेल. पक्षी उडून दुसरीकडे जाणार नाहीत का? जातील, पण उड्डाणाला ऊर्जा लागते. हिवाळ्याच्या शेवटी हजारो किलोमीटर परतायचे असते, त्यासाठी हे पक्षी शरीरात चरबी साठवत असतात. काही जातींचे वजन या काळात जवळपास दुप्पट होते. रोज दोन वेळा विसाव्यावरून उठवले गेलेले पक्षी कमावलेले तिथेच खर्च करतात. शिवाय त्यांना जागेची ओढही मोठी. ठाणे खाडीत ट्रान्समीटर लावलेले पाणटिवळे उन्हाळ्यात सैबेरियाकडे जाऊन पुन्हा याच खाडीत परतल्याचे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या म्हणजे बीएनएचएसच्या अभ्यासात दिसले आहे.

अभयारण्य आहे ना, मग अडचण काय?

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले. क्षेत्र सुमारे १६९० हेक्टर, त्यातले निम्म्याहून अधिक कांदळवन आणि बाकी पाणी. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीला ‘रामसर’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर हे महाराष्ट्रातले तिसरे रामसर स्थळ. त्याचे क्षेत्र ६५२१ हेक्टर.

आकडे भरघोस आहेत. पण नकाशा उघडून पाहिला की लक्षात येते, यात आले ते मुख्यतः खाडीचे पात्र, चिखलाचे पट्टे आणि कांदळवन. म्हणजे ताट. विसावे बरेचसे रेषेबाहेर राहिले. बीएनएचएसने अभयारण्याच्या व्यवस्थापनासाठी केलेल्या अभ्यासात सहा जागा उपग्रह पाणथळी म्हणून सांभाळण्याची शिफारस केली : भांडूप, नवी मुंबईतील एनआरआय आणि टी. एस. चाणक्यजवळचे तलाव, उरणमधील पाणजे, बेलपाडा आणि भेंडखळ. हिवाळी फेऱ्या ज्या जागांवर भरतात, त्यातल्या बहुतेक याच. पक्षीप्रेमींनी त्या निवडलेल्या नाहीत, पक्ष्यांनी निवडल्या आहेत.

या जागांची स्थिती सारखी नाही. एनआरआय आणि चाणक्य परिसरात गोल्फ कोर्स आणि निवासी संकुलाचा प्रस्ताव होता. त्यासाठी केलेला जमीन-वापरातला बदल मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला, त्यानंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बेलपाडा आणि भेंडखळ भराव आणि आटलेल्या पाण्यामुळे चर्चेत राहिले. सर्वाधिक गाजले ते पाणजे.

पाणजेचा वाद नेमका काय?

उरण तालुक्यातली ही पाणथळ सुमारे २८९ हेक्टरची. हिवाळ्यात इथे थापट्या, तलवार बदक, चमच्या, उचाट्या, पाणटिवळे, टिलवे, कुरव आणि सुरय यांची इतकी गर्दी असते की पहिल्यांदा आलेल्याला कुठून सुरुवात करावी कळत नाही. हे क्षेत्र सिडकोच्या द्रोणागिरी नोडमध्ये येते आणि नवी मुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या जमिनीशी निगडित आहे. सिडकोने वेळोवेळी घेतलेली भूमिका अशी, की ही पाणथळ नाहीच, विकासासाठी नियोजित केलेली जमीन आहे.

पर्यावरण संस्था आणि पारंपरिक मच्छीमारांचे म्हणणे वेगळे. त्यांच्या तक्रारींचा रोख भरावापेक्षा पाण्याच्या वाटांवर राहिला आहे. बांधातून भरतीचे पाणी आत येण्याच्या वाटा बंद केल्या जातात, पाणथळ हळूहळू सुकते आणि मग ‘इथे पाणीच नाही, तर पाणथळ कसली’ असा युक्तिवाद करता येतो, हा त्यांचा आरोप. पाणजे गेल्या काही वर्षांत अनेकदा कोरडी पडली आहे, हे मात्र फोटोंतून आणि उपग्रह चित्रांतून कोणालाही पाहता येते.

यात मच्छीमारांचे हितही आहे, ते बातम्यांमध्ये अनेकदा शेवटच्या ओळीत जाते. भरतीबरोबर आत येणारे पाणी कोळंबी, बोय, निवट्या, चिंबोऱ्या घेऊन येते. वाट बंद झाली की पक्ष्यांचा विसावा आणि कोळी कुटुंबांची कमाई एकाच वेळी जाते. त्यामुळे ‘पक्षी विरुद्ध माणसे’ असे जे चित्र रंगवले जाते, ते निदान उरणमध्ये चुकीचे आहे.

बांध, उघाडी आणि कायद्याची रेषा

कोकणच्या किनाऱ्यावर खारे पाणी अडवून भातशेती करण्याची पद्धत जुनी आहे. खाडीला बांध घालायचा, त्यात उघाडी ठेवायची. ओहोटीला उघाडीतून आतले पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती पाण्याच्या दाबानेच मिटते. शेती सुटली, बांध फुटले, उघाड्या निकामी झाल्या, तेव्हा आत थोडे थोडे खारे पाणी येऊ लागले आणि उथळ तळी तयार झाली. मिठागरांचीही तीच गोष्ट. नवी मुंबई वसवताना सिडकोने हीच कल्पना मोठ्या प्रमाणात वापरली. शहराचा बराच भाग उधाणाच्या भरतीच्या पातळीखाली असल्याने पावसाचे पाणी तात्पुरते साठवायला धारण तलाव आणि त्यांना झडपा बसवल्या. थोडक्यात, पक्ष्यांचे बरेचसे विसावे माणसानेच बनवले आहेत, तेही नकळत.

आता कायदा पाहू. तो कंटाळवाणा वाटेल, पण सगळी मेख इथे आहे.

पाणथळ नियम २०१७ च्या व्याख्येतून पिण्याचे पाणी, मत्स्यपालन, मीठ उत्पादन, मनोरंजन आणि सिंचन यांसाठी खास बांधलेले जलसाठे वगळले आहेत. भातशेतीही वगळली आहे. म्हणजे मिठागर हजारो पक्ष्यांनी भरलेले असले, तरी या नियमांच्या लेखी पाणथळ नाही. शिवाय सागरी किनारा नियमन क्षेत्रात म्हणजे सीआरझेडमध्ये येणाऱ्या पाणथळींना हे नियम लागू नाहीत. त्यांचे रक्षण सीआरझेडने करायचे.

सीआरझेड काय म्हणते? २०१९ च्या अधिसूचनेत सर्वाधिक संरक्षण मिळणाऱ्या ‘एक-अ’ वर्गात कांदळवन आहे, जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्टे आहेत, कासवांच्या विणीच्या जागा आहेत आणि पक्ष्यांच्या विणीच्याही जागा आहेत. इथेच गोम आहे. पाणटिवळा, टिलवा इथे अंडी घालत नाहीत. त्यांची वीण सैबेरियात, मध्य आशियात होते. रोहितांची मोठी वसाहत कच्छच्या रणात असते. यादीत घरटे आहे, विसावा नाही.

दुसरी अडचण बांधाची. भरतीरेषेपासून सीआरझेड मोजतात. पण फेब्रुवारी १९९१ पूर्वी बांधलेला बांध किंवा झडप असेल, तर भरतीरेषा त्या बांधापाशीच थांबते, असे अधिसूचना सांगते. आत कांदळवन उगवले असेल, तर तेवढ्याला संरक्षण मिळते. नुसते उथळ पाणी आणि त्यात उभे असलेले पक्षी यांना ते आपोआप मिळत नाही. समुद्राला जिथे बांधाने थांबवले, तिथेच कायदाही थांबतो, आणि पक्षी मात्र भरतीला बांधाच्या आत येतात.

कांदळवनाला इतके झुकते माप मिळण्याला इतिहास आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ आणि २०१८ च्या आदेशांमुळे कांदळवन तोडणे अवघड झाले, राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला, लागवडी झाल्या. हे चांगलेच झाले. शिवाय कांदळवन उपग्रह चित्रात हिरवे दिसते, ते मोजता येते. उथळ पाण्याचे तळे त्याच चित्रात कधी निळे, कधी करडे, कधी चक्क मोकळा भूखंड दिसते. आणि मोकळा भूखंड दिसला की त्यावर आरक्षण पडायला वेळ लागत नाही. गाळ साचून चिखलपट्ट्यांवर कांदळवन पसरले, तर पक्ष्यांची खाण्याची जागा कमी होते, हेही इथे सांगायला हवे. हिरवे वाढले म्हणजे पक्षी वाढले, असे नाही.

न्यायालयांनी ही फट काही प्रमाणात बुजवायचा प्रयत्न केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये इस्रोच्या पाहणीतल्या दोन लाखांहून अधिक पाणथळींना, म्हणजे २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या सर्व जागांना, २०१० च्या जुन्या नियमांतली तत्त्वे लागू केली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या नकाशावरल्या २ लाख ३१ हजारांहून अधिक पाणथळींची प्रत्यक्ष जागेवर पडताळणी आणि सीमांकन करण्याचे आदेश राज्यांना दिले. ही पडताळणी कोणत्या महिन्यात होते, यावर बरेच अवलंबून आहे. मे महिन्यात, उघाडी बंद असताना गेलेल्या पथकाला पाणजे वेगळी दिसेल आणि जानेवारीतल्या द्वादशीला सकाळी नऊ वाजता वेगळी.

डीपीएस तलावाने काय दाखवले?

नवी मुंबईतल्या सीवूड्स भागातला हा तलाव जेमतेम ३० एकरांचा. २०२४ च्या पहिल्या काही महिन्यांत या परिसरात रोहित मृतावस्थेत आढळू लागले आणि तलाव बातम्यांत आला. भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याने पाणी साचून राहिले, शेवाळ माजले, तलाव सुकत गेला, अशी तक्रार होती. सरकारने समिती नेमली, तिने पाण्याचा प्रवाह पूर्ववत करण्यावर भर दिला. एप्रिल २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य वन्यजीव मंडळाने तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली.

भरतीच्या विसाव्याला विसावा म्हणून संरक्षण देण्याच्या दिशेने टाकलेले हे पाऊल माझ्या मते अभयारण्याच्या हजारो हेक्टरांइतकेच महत्त्वाचे आहे. मात्र दर्जा मिळाला तरी झडप कोणाच्या ताब्यात, हा प्रश्न उरतोच. वन विभागाकडे जमीन आणि पाण्याची वाट दुसऱ्या यंत्रणेकडे, अशी विभागणी राहिली, तर फलक लागतील आणि पाणी येणार नाही.

विमानतळाचा संबंध कुठे येतो?

२० मे २०२४ च्या रात्री दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या विमानाला घाटकोपरवर रोहितांचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरले, पण जमिनीवर सुमारे ३९ पक्षी मृत सापडले. पक्षी त्या मार्गावर का होते, यावर मते वेगवेगळी आहेत. विसाव्यांवरच्या हस्तक्षेपाने त्यांच्या वाटा बदलल्या असाव्यात, असे काही पर्यावरणवाद्यांनी तेव्हा म्हटले होते. त्याचा थेट पुरावा मांडणे कठीण आहे. तरीही मुंबईकरांना त्या रात्री एक गोष्ट समजली : पक्ष्यांचे काय होते, हा फक्त पक्ष्यांचा प्रश्न नाही.

नवी मुंबई विमानतळाच्या बाबतीत दोन टोकाचे युक्तिवाद ऐकू येतात. एक, आसपासच्या पाणथळी सुकवा, म्हणजे पक्षी येणारच नाहीत. दुसरा, पाणथळी राखा, म्हणजे पक्षी तिथेच थांबतील. पहिला सोपा वाटतो, पण पक्ष्यांचे वर्तन त्याला साथ देत नाही. खाडीतले खाद्य जोवर आहे, तोवर पक्षी येणार आणि भरतीला त्यांना उतरायला जागा लागणार. पाणजे कोरडी असेल तर ते सैबेरियाला परत जात नाहीत, जवळची दुसरी मोकळी, सपाट, ओलसर जागा शोधतात. अशी जागा वर्णनावरून कशासारखी वाटते? विमानतळाच्या आवारासारखी. विसावे नष्ट झाल्यास पक्षी विमानतळ परिसराकडे वळू शकतात, असा इशारा बीएनएचएसने यापूर्वीच दिला आहे.

म्हणून यंदाच्या आणि पुढच्या दोन-तीन हिवाळ्यांतल्या नोंदींना वेगळे मोल आहे. कोणत्या भरतीला, कोणत्या बाजूने, किती पक्षी, किती उंचीवरून कुठे गेले, हे विमानतळ चालवणाऱ्यांनाही हवे आहे.

हौशी लोकांच्या मोजणीला किंमत असते का?

असते, पण मोजणी शिस्तीत झाली तरच.

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतात ती १९८७ पासून सुरू आहे. तिचा कणा स्वयंसेवकच. त्याच जागी, त्याच सुमारास, वर्षानुवर्षे मोजल्यामुळे चढ-उतार दिसतात. रामसर दर्जाच्या निकषांपैकी दोन थेट मोजणीवर आहेत : जागेवर नियमितपणे २० हजार किंवा अधिक पाणपक्षी येणे, किंवा एखाद्या जातीच्या त्या भागातल्या संख्येपैकी किमान एक टक्का पक्षी तिथे असणे. काही वर्षी एक लाखाच्या वर गेलेला ठाणे खाडीतला रोहितांचा आकडा या दोन्ही निकषांत बसला.

‘ई-बर्ड’ या मंचावर रोज पडणाऱ्या याद्यांचाही उपयोग होतो. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. दीर्घकालीन कल ठरवता आलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के घटल्या आहेत. सर्वाधिक घट लांब पल्ल्याच्या स्थलांतरितांमध्ये आहे. उरणच्या बांधावर उभे राहून आपण ज्यांना पाहतो, तेच हे.

हजारांच्या थव्याची मोजणी करायची कशी? आधी दहा पक्षी मोजायचे, ते दृष्टीत किती जागा व्यापतात ते पाहायचे, मग शंभरचा ठोकळा डोळ्यांत बसवायचा आणि थव्यावर तो सरकवत न्यायचा. दोघांनी स्वतंत्र मोजायचे. नवख्याचा आकडा बहुधा कमी येतो, कारण मागच्या रांगा झाकल्या जातात. गटाने जाण्याचा खरा फायदा इथे असतो. एक मोजतो, एक लिहितो, एक ओळख पटवतो आणि चौथा ‘ते टिलवे नाहीत, चिखल्या आहेत’ म्हणून वाद घालतो. तो चौथा त्रासदायक असला, तरी आवश्यक असतो.

सर्वांत दुर्लक्षित नोंद शून्याची. विसाव्यावर गेलात, पाणी नव्हते, पक्षी नव्हते, म्हणून यादीच भरली नाही, असे बहुतेक जण करतात. पण ‘एकादशी, भरती सव्वाआठ, पाणजे, पाणी नाही, पक्षी शून्य, उघाडी बंद’ ही ओळ, सोबत तारखेसह फोटो, दोनशे रोहितांच्या फोटोपेक्षा जास्त कामाची ठरते. कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील पाणथळ तक्रार निवारण समितीपुढे असे तारीखवार पुरावेच टिकतात.

फेरीला जायचे असेल तर...

नोव्हेंबर ते मार्च हा टिलवे-चिखल्यांचा काळ. रोहित मेपर्यंत, काही वेळा पाऊस पडेपर्यंत दिसतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून वन विभागाची बोट फेरी असते, तिची वेळही भरतीवर ठरते. पायी फेरीसाठी सीवूड्सचे तलाव सर्वांत सोयीचे, रेल्वे स्थानकापासून जवळ. भांडूपला गाडीने, उरणला स्थानिक जाणकार सोबत असेल तर उत्तम, कारण बांध अरुंद आणि काही ठिकाणी ठिसूळ आहेत.

विसाव्यावर पक्षी उठले, तर तुम्ही फार जवळ गेलात, एवढा एक नियम पुरे. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून खडा मारणारे आणि ड्रोन सोडणारे आजही दिसतात. बांधावरच्या काठीला आवर घालायला गटप्रमुख असतो, तशी ड्रोनला आवर घालायलाही कोणी हवे. कुत्रा सोबत नको. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. आणि बांधावर मासे पकडायला बसलेल्या माणसाशी बोला. उघाडी कधीपासून बंद आहे, पाणी कोणत्या बाजूने येते, गेल्या वर्षी ते कुठवर होते, हे त्याला कोणत्याही ॲपपेक्षा नेमके ठाऊक असते. त्याने सांगितलेली तारीख वहीत लिहून घ्या, यादीच्या शेरा रकान्यात टाका.